कृष्णाकाठी चार चाकांचे बिऱ्हाड

प्रवासवर्णन म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे बहुधा दूरचे देश, हिमाच्छादित शिखरे अथवा मोठमोठी शहरे उभी राहतात. प्रस्तुत लेखकाजवळ त्यांतले काहीएक नाही. वाईहून निघून कृष्णेच्या काठाने खिद्रापुरापर्यंत जावयाचे, म्हणजे सारा दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरांचा मार्ग, एवढाच हा प्रवास. सकाळी मोटारीने निघालेला गृहस्थ दुपारच्या जेवणास तेथे सहज पोहोचतो. आम्हांस मात्र सहा दिवस लागले. ते का लागले आणि कसे गेले, हेच येथे सांगावयाचे आहे. एका मालवाहू व्हॅनचे थोडक्या पैशांत फिरते बिऱ्हाड कसे केले, हेही त्यात ओघाने येईल; कारण ज्यांच्या घरी वडीलधारी व दुखणाईत माणसे आहेत, अशा पुष्कळ कुटुंबांस त्याचा उपयोग होण्यासारखा आहे.

आमचे कुटुंब एकत्र आहे. दादा व वहिनी, त्यांचे मुलगे, सुना, नातवंडे आणि आम्ही उभयता मिळून रोज चौदा पाने मांडली जातात. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, पुढे पाठशाळेतले. आणि सारे आयुष्य शाळेत संस्कृत शिकविण्यात गेले. आमची सौभाग्यवती १९८१ साली या घरात आली. पहिल्याच वर्षी, कृष्णाबाईच्या उत्सवात घाटावर उभी असता, ती मला म्हणाली होती, "अहो, हे पाणी पुढे जाते कोठे, ते एकदा पाहायचे आहे." मी म्हणालो, "पाहू की, त्यात काय मोठेसे!" त्या 'पाहू'ला एक्केचाळीस वर्षे लोटली. कधी मातोश्रींचे आजारपण, कधी कोणाची परीक्षा, कधी सुनेचे बाळंतपण. आणि खरे सांगावयाचे तर कधी निव्वळ माझा आळस. तिने पुन्हा तो विषय काढला नाही, आणि मीही तो विसरून गेलो.

पुढे तिच्या कंबरेच्या मणक्याने दुखणे काढले. डॉक्टरांनी सांगितले की, एका बैठकीस पाऊण तासाहून अधिक बसावयाचे नाही. त्यानंतर पाऊण घटका तरी पाठ सरळ टेकून पडले पाहिजे. एसटीत हे कसे साधावे? भाड्याच्या मोटारीत पाय पसरता येत नाहीत. भक्तनिवासात भुईवर अंथरूण, आणि उकिडवे बसावे लागणारे शौचकूप. हॉटेलांचे भाडे निवृत्तिवेतनास झेपत नाही. सारांश, जे पूर्वी आम्ही केले नाही, ते आता करणेच अशक्य झाले, असे मी मनाशी धरून चाललो होतो.

२०२२ च्या गणेशचतुर्थीच्या सुमारास पुतण्याने सहज एक गोष्ट काढली. तो तालुक्यातील शाळांना पुस्तके व वह्या पोहोचवितो, आणि त्यासाठी त्याने एक जुनी मालवाहू व्हॅन घेतलेली आहे. पुढे दोन आसने, मागे चोहोकडून पत्र्याने बंद असा हौदा. तो म्हणाला, "काका, दिवाळीच्या सुट्टीत शाळा बंद, म्हणजे गाडीही बंद. काकूला आडवे पडता येईल एवढी जागा मागे आहे. पाहा काही जमते का." मोटार मी पन्नाशीत शिकलो आहे आणि माझा परवाना चालू आहे, तेव्हा गाडी हाकण्याची अडचण नव्हती. प्रश्न एवढाच की, पुस्तकांच्या गठ्ठ्यांच्या जागी माणसे सुखाने निजतील कशी?

गाडीतच घर करावे ही कल्पना काही नवी नाही. आपल्याकडे सारवट घातलेल्या बैलगाडीत यात्रेकरू महिना महिना काढीत. कालिदासाने रघुवंशाच्या पाचव्या सर्गात अजाचा विदर्भाकडील प्रवास वर्णिला आहे. त्यात वाटेवरच्या राहुट्यांत राजपुत्राची घरच्यासारखी बडदास्त होती. इंग्लंडात गॉर्डन स्टेबल्स नावाच्या, आरमारातून निवृत्त झालेल्या डॉक्टराने १८८५ साली 'वाँडरर' या नावाची घोड्यांची एक प्रशस्त गाडी बांधवून केवळ हौसेखातर स्कॉटलंडापर्यंत प्रवास केला. परंतु आमच्या कामाचा दाखला मिळाला तो जर्मनीतला. फोक्सवागेन कंपनीने १९५० साली मालवाहू व्हॅन काढली, आणि पुढच्याच वर्षी वेस्टफालिया या कारखान्याने तिच्यासाठी एक लाकडी पेटी विकावयास आणली. आठवडाभर गाडीने दुकानाचा माल वाहावा. सुट्टीच्या दिवशी पेटी आत ठेवावी की झाला निजण्याबसण्याचा सरंजाम. सोमवारी पेटी बाहेर, माल आत. युक्ती साधी, पण मोठी शहाणपणाची. आम्हांस हेच पाहिजे होते, कारण सुट्टी संपताच पुतण्याला गाडी रिकामी मिळावयास हवी होती.

दुसरे कारण कायद्याचे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम असे आहे की, निर्मात्याने ठरविलेल्या व नोंदणीपुस्तकात लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाने गाडीत करू नये. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही एका निकालात हेच स्पष्ट केले आहे. पत्रा कापून खिडक्या पाडणे, मागे आसने ठोकणे, छप्पर उंच करणे, हे सारे मनात येताच मनातून काढून टाकावे. पुरी कॅरव्हॅन करावयाची तर तिची मान्यता व नोंदणी निराळी, आणि तिला लागणारा पैसा आमच्या आवाक्याबाहेरचा. म्हणून आम्ही तीन नियम केले. गाडीला एकही भोक पाडावयाचे नाही. आत जे जाईल ते सामान म्हणूनच जाईल, आणि माल बांधण्याच्या मूळच्या कड्यांना पट्ट्यांनी आवळले जाईल. आणि तिसरा व सर्वांत महत्त्वाचा नियम असा की, गाडी चालू असता मागे कोणीही बसावयाचे वा निजावयाचे नाही. निजावयाचे ते गाडी थांबवूनच.

आता प्रत्यक्ष काम. हौद्याची आतली लांबी सहा फूट दोन इंच, रुंदी चार फूट तीन इंच आणि उंची चार फूट भरली. गावातल्या सुतारांकडून बारा मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडच्या तीन पेट्या करून घेतल्या. प्रत्येकी चार फूट लांब, दोन फूट रुंद, वर बिजागरीचे झाकण. तिन्ही एकमेकींस लागून मांडल्या की सहा फूट लांब व चार फूट रुंद असा पलंग होतो. एक पेटी दोन माणसे सहज उचलतात, आणि मागच्या दारातून ती आडवी होऊन आत जाते. दाराजवळच्या पेटीत स्वयंपाकाचे सामान, मधलीत कपडे व पांघरुणे, आतल्या पेटीत क्वचित लागणाऱ्या वस्तू.

येथे माझी एक फजिती सांगितली पाहिजे. गुडघे दुखणाऱ्या माणसास खुर्चीएवढी उंची सोयीची, या हिशेबाने मी पेट्या सोळा इंच उंच करवल्या. वर चार इंचांची कापसाची गादी घातली आणि सौभाग्यवतीस बसून पाहावयास सांगितले, तो तिचे डोके टणकन छतास लागले. अठ्ठेचाळीस इंचांतून सोळा व चार वजा केल्यावर अठ्ठावीसच उरतात, आणि बसलेल्या माणसास तीस-एकतीस तरी लागतात, हे गणित तिसरीच्या मुलाने केले असते. दादा ओटीवरून पाहत होते. ते म्हणाले, "व्याकरण सुटत नाही तुझे, पण वजाबाकी सुटली!" सुतारांनी पेट्या बारा इंचांवर आणल्या. वाचकांस सूचना एवढीच की, माप गादीसकट घ्यावे आणि ज्याला निजावयाचे त्यालाच आत बसवून घ्यावे.

पत्र्याची गाडी उन्हात तापते आणि पहाटे गारठते. त्यासाठी ॲल्युमिनियमचा मुलामा असलेल्या फोमचे तुकडे छताच्या व बाजूंच्या मापाने कापून नुसते खोचून बसविले, चिकटविले नाहीत. वारा खेळण्यासाठी पुढच्या दोन्ही काचा चार बोटे खाली आणि मागचे दार आकडीने अर्धवट उघडे, अशी योजना केली. तेवढ्या जागांना मच्छरदाणीचे कापड शिवून लावले. विजेसाठी गाडीच्या तारांना हात लावला नाही. बारा व्होल्टची वीस अँपिअर-तासांची वेगळी बॅटरी घेतली. तिच्यात दोनशे चाळीस वॅट-तास वीज मावते. परंतु शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करू नये, म्हणजे हाताशी एकशेवीस. पाच वॅटचा दिवा चार तास लावला तर वीस, आणि दहा वॅटचा पंखा आठ तास चालला तर ऐंशी. एका रात्रीस पुरून थोडी उरते. दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी ओटीवर ती भरून घ्यावी.

पाण्याचे वीस-वीस लिटरचे दोन तोटीचे डबे. स्वयंपाकास पाच किलोंचा लहान सिलिंडर व एक शेगडी घरचीच. पण ती गाडीत कधीही पेटवावयाची नाही. बंद जागेत शेगडीचा धूर विषारी होतो, आणि हा वायू हवेपेक्षा जड असल्याने गळला तर तळाशी साचून राहतो. म्हणून चूल नेहमी बाहेर, आभाळाखाली. आणि शेवटी ज्या अडचणीबद्दल सभ्य लेखात लिहीत नाहीत, पण जिच्यामुळे म्हाताऱ्या माणसांच्या निम्म्या यात्रा राहून जातात, तिच्यासाठी आजाऱ्यांची घडीची कमोड खुर्ची आणि भोवती लावावयास कापडी आडोसा घेतला.

खर्चाचा हिशेब असा: प्लायवुड व लाकूड ५,८०० रुपये, सुतारांची दोन दिवसांची मजुरी २,४००, बॅटरी, दिवा व पंखा ४,३००, पट्टे, बिजागऱ्या व स्क्रू ९५०, मच्छरदाणीचे कापड व शिलाई ७००, फोम १,४५०, पाण्याचे डबे ६००, कमोड खुर्ची व आडोसा १,७००. एकूण १७,९०० रुपये. अठरा हजार मी बाजूस काढले होते. शंभर उरले, त्यांचे पेढे मुलांनी खाल्ले. गादी, भांडी, पांघरुणे सारी घरचीच.

सरंजाम झाला, पण खरी अडचण पुढेच होती. पुढची आसने दोन. म्हणजे जाणार ते आम्ही दोघेच. एकत्र कुटुंबात हे वाटते तितके सोपे नसते. आमच्या घरी यात्रा म्हटली की नऊ-दहा माणसे आणि दोन-तीन मुले ठरलेली. 'दोघेच?' असा प्रश्न कोणी मोठ्याने विचारला नाही, पण तो दोन दिवस माजघरातून हिंडत होता. सौभाग्यवतीसच सर्वांत अधिक संकोच. ती म्हणाली, "तुळशीचे लग्न तोंडावर आले आहे. इतकी वर्षे घरचे लग्न मी चुकविलेले नाही. लोक काय म्हणतील?" तेव्हा वहिनी स्वयंपाकघरातून पदराला हात पुशीत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "लग्न मी लावीन. तुळस तुझी एकटीची नव्हे, घराची आहे. तू आता जा. नाही गेलीस तर पुन्हा कधी जाणार नाहीस, आणि मग मला वाटत राहील की मीच धरून ठेवली." एवढे बोलून त्या आत गेल्या. थोड्या वेळाने त्यांनी मेतकुटाची बरणी व डिंकाचे लाडू आमच्या पेटीत ठेवलेले दिसले.

कार्तिक शुद्ध नवमीस, २ नोव्हेंबर रोजी सकाळी आम्ही निघालो. ढोल्या गणपतीचे दर्शन घेतले, आणि पाऊण तास भरताच गाडी रस्त्यापासून दूर, झाडाच्या सावलीत उभी केली. गाव निघाले लिंब. सौभाग्यवती मागे जाऊन पडली. मी बाहेर उभा. तेथील एक शेतकरी म्हणाले, "बारा मोटांची विहीर पाहिली का गुरुजी?" या रस्त्याने साताऱ्यास मी किती वेळा गेलो असेन त्याची गणती नाही, पण ही विहीर पाहिली नव्हती. तिची पाठ मोकळी झाल्यावर आम्ही दोघे हळूहळू गेलो. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातली ही दगडी विहीर अष्टकोनी आहे. एका वेळी बारा मोटा चालाव्यात अशी योजना आहे. आणि विहिरीच्या अंगातच एक लहानसा महाल बांधलेला आहे. पायऱ्या तिला उतरवल्या नाहीत. ती काठावर बसली आणि म्हणाली, "माझ्या कंबरेमुळे तुम्हांला काहीतरी दिसले म्हणायचे!" ती हे थट्टेने म्हणाली, पण पुढचे सहा दिवस मी त्याचाच अनुभव घेत होतो. चालत्या गाडीत निजता येत नाही या नियमामुळे आम्हांस पाऊण-पाऊण तासाने थांबावेच लागे. आणि जेथे थांबू तेथे काही ना काही पाहण्यासारखे निघे.

पहिला मुक्काम संगम माहुलीस केला. येथे वेण्णा कृष्णेस मिळते. न्यायनिष्ठुर रामशास्त्री प्रभुणे यांचे हे जन्मगाव. घाट, विश्वेश्वराचे देऊळ आणि संधिप्रकाशातले संथ पाणी पाहून मन निवते. रात्री मात्र चोराच्या भीतीने मी काचा व दार पक्के बंद केले. पहाटे कपाळावर थेंब पडून जाग आली. पाहतो तो उघड्या पत्र्यावर दव साचलेले! आमटीच्या झाकणाला आतून पाणी धरते, तोच हा प्रकार. दोन माणसांच्या श्वासातली वाफ गार पत्र्यावर थिजते. दुसऱ्या रात्रीपासून काचा व दार ठरल्याप्रमाणे उघडे ठेवले. पुन्हा थेंब पडला नाही.

कऱ्हाडास प्रीतिसंगमावर पोहोचलो तेव्हा ऊन उतरले होते. येथे कृष्णा व कोयना समोरासमोर येऊन मिळतात आणि मग एक होऊन पूर्वेकडे वळतात. असा संगम क्वचितच आढळतो. काठावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. कृष्णा, वेण्णा व कोयना या तिन्ही नद्या महाबळेश्वरी एकाच पठारावर उगम पावतात, हे मी मुलांना भूगोलाच्या तासास नेहमी सांगे. सौभाग्यवती बराच वेळ पाण्याकडे पाहत होती. मग म्हणाली, "एका घरातून निघालेल्या, आणि भेटल्या केवढ्या वळणाने!" मी भूगोल सांगण्याच्या बेतात होतो, पण गप्प राहिलो.

कऱ्हाडाहून औदुंबराकडे जाताना दोहों बाजूंस ऊसच ऊस. गळिताचा हंगाम सुरू झाला होता. बैलगाड्या उसाने लादून चालल्या होत्या. एका ठिकाणी विसाव्यास थांबलो, तो शेजारीच बीडकडून आलेल्या ऊसतोडीच्या मंडळींचा तळ पडलेला होता. पाचटाच्या व ताडपत्रीच्या कोप्या, त्यांच्या दाराशी तीन दगडांच्या चुली. एक बाई लेकरू काखेला मारून आमची गाडी पाहावयास आली. आतली गादी, दिवा, पंखा सारे तिने निरखले आणि सौभाग्यवतीस म्हणाली, "मावशे, तुमची कोपी लई झ्याक हाय. तुमी कुठल्या कारखान्यावर?" आम्ही कोणत्याच कारखान्यावर नाही, नुसतेच फिरावयास निघालो आहो, हे सांगताना मला लाज वाटली. तिने मात्र ते सहज घेतले. "फिराया निगालाय व्हय? बरं केलं. आमीबी फिरतोच की सा म्हैने," असे म्हणून ती हसली. सौभाग्यवतीने डिंकाचे लाडू लेकराच्या हातात दिले. तिने उसाची दोन कांडी आणून दिली. आमचे हे फिरते बिऱ्हाड हौसेचे आणि तिचे पोटाचे. तिच्याकडे आकडीचे दार नाही, मच्छरदाणी नाही, आणि आडोशाची खुर्ची तर नाहीच. चार चाकांवरच्या घराची मौज लिहिताना हा फरक मी विसरू नये, म्हणून ही गोष्ट येथे मुद्दाम नोंदवितो.

औदुंबरास आम्ही कार्तिकी एकादशीस पोहोचलो. नृसिंहसरस्वतींच्या चातुर्मासाने पावन झालेले हे स्थान. पैलतीरी भुवनेश्वरीचे देऊळ. ओळखीच्या एका गृहस्थांनी अंगणात गाडी लावू दिली आणि बॅटरी भरून दिली. उत्तररात्री आम्हां दोघांस जाग आली. घाट निर्मनुष्य होता. नदीकडे पाहत मी सवयीने अमरकोशातील वारिवर्गातली नदीची नावे म्हणू लागलो आणि मध्येच अडखळलो. एक नाव केल्या आठवेना. काळोखातून शांतपणे शब्द आला, "निम्नगा." मी चमकलो. विचारता तिने सांगितले की, मी ओटीवर मुलांना अमरकोश शिकवीत असे, तेव्हा ती माजघरात धान्य निवडीत ऐकत असे. पहिले कांड तिला जवळजवळ सगळे येते. "मग मला कधी सांगितले का नाहीस?" असे मी विचारले. ती म्हणाली, "तुम्ही कधी अडखळला नाहीत."

वाचक हो, चाळीस वर्षे मी परक्यांच्या मुलांची उजळणी घेतली; आणि माझ्याच घरात भिंतीपलीकडे बसलेल्या विद्यार्थिनीस कधी एक प्रश्न विचारला नाही. यात एकत्र कुटुंबाचा दोष आहे असे मी मानीत नाही. त्या कुटुंबानेच आमची म्हातारी माणसे सांभाळली आणि मुले वाढविली. दोष असेल तर तो न थांबण्याचा. घरात आम्हां दोघांचे बोलणे होई ते भाजीचे, पाहुण्यांचे आणि औषधांचे. त्या रात्री घाटावर उजाडेपर्यंत आम्ही जे बोललो, ते येथे लिहिण्याचे कारण नाही.

पुढे दोन मुक्काम नृसिंहवाडीस केले. कृष्णा-पंचगंगेच्या या संगमावर पादुकांचे दर्शन घेतले, बासुंदी व कवठाची बर्फी खाल्ली. २०१९ च्या ऑगस्टातील महापुरात पाणी कोठवर चढले होते, ते तेथील मंडळी हात उंचावून दाखवितात आणि पुन्हा आपल्या कामास लागतात. द्वादशीच्या संध्याकाळी एका घरी तुळशीचे लग्न होते. त्यांनी आग्रहाने बोलावले. सौभाग्यवतीने मंगलाष्टकांच्या वेळी अक्षता टाकल्या, आणि घरी फोन करून वहिनींना पहिला प्रश्न विचारला, "लग्न नीट लागले ना?"

या प्रवासात एकदा मात्र हटकले गेलो. एका आवारात रात्री गाडी लावताच राखणदार म्हणाला, "मालाची गाडी इथे लावायची नाही. काय माल आहे?" मी म्हणालो, "माल म्हणजे आम्हीच दोघे." त्याने विजेरी आत टाकली. पलंग, तांब्याचा कलश आणि गादीवर जपमाळ घेऊन बसलेली सौभाग्यवती पाहून तो ओशाळला व म्हणाला, "दार जरा आतून बघून घ्या, आजी." तथापि नियम असा असावा की, जेथे मुक्काम करावयाचा तेथे उजेड असतानाच पोहोचावे, जागेच्या मालकास विचारावे, आणि निघताना जागा आपण येण्यापूर्वी होती तिच्याहून स्वच्छ ठेवावी.

७ नोव्हेंबरास, त्रिपुरी पौर्णिमेच्या रात्री, आम्ही खिद्रापुरास होतो. दुसऱ्या दिवशी ग्रस्तोदित चंद्रग्रहण असल्याने लोकांची लगबग चालली होती. कृष्णेच्या काठावरील कोपेश्वराचे हे देऊळ शिलाहार राजांच्या काळचे, बाराव्या शतकातले. त्याचा पुढचा स्वर्गमंडप बारा खांबांच्या वर्तुळावर उभा असून त्याचे छत मध्यभागी गोल उघडे ठेवलेले आहे. या पौर्णिमेस मध्यरात्री चंद्र त्या उघड्या वर्तुळावर येतो, असे सांगतात. त्याचे कारणही सोपे आहे. कार्तिकात सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे सोळा अंशांवर असतो. पौर्णिमेचा चंद्र त्याच्या बरोबर समोर, म्हणजे तितकाच उत्तरेस. आणि खिद्रापूर सुमारे पावणेसतरा अक्षांशावर आहे. तेव्हा मध्यरात्री चंद्र जवळजवळ माथ्यावरच यावयाचा. हे सारे मी सौभाग्यवतीस सांगितले. तिने ते लक्षपूर्वक ऐकले, एक-दोन शंका विचारल्या, आणि मग मंडपातील गोल शिळेवर चांदणे सरकत येताना आम्ही दोघे नुसते पाहत राहिलो.

परत निघण्यापूर्वी ती नदीकाठी गेली. पाणी खिद्रापुरावरून पुढे कर्नाटकाकडे संथपणे चालले होते. मी म्हणालो, "हे पुढे आंध्रात जाऊन समुद्राला मिळते. पाहायचे का एकदा?" ती म्हणाली, "आता 'पाहू' म्हणू नका. तिथी सांगा."

वाईस परत येताच पुतण्याने व मी अर्ध्या तासात पेट्या, पट्टे व फोम उतरवून गाडी मोकळी केली. शाळा उघडल्या तेव्हा तीत पुन्हा वह्यांचे गठ्ठे गेले. पेट्या जिन्याखाली ठेवल्या आहेत. दोन पेट्यांत सुनांनी लोणच्याच्या बरण्या ठेवल्या, तिसरी मात्र वहिनींनी रिकामी राखली. एकदा मी पाहिले तेव्हा दादा तिच्यावर बसून पट्टीने छताची उंची मोजण्याचे गणित करीत होते. मला पाहताच म्हणाले, "मी तुझ्यापेक्षा उंच आहे. गादी तीन इंचांचीच घातली तर मला बसता येईल ना?"

येईल, असे मी त्यांस सांगितले. आणि तिथीही तेथेच ठरवून टाकली.